कूलंटसाठी पाणी कोणते घ्यावे: बोअरवेल, एमआयडीसीचा नळ, सॉफ्टनर की आरओ?

लहान मशीन शॉपच्या मालकापुढे कूलंटच्या, म्हणजे धातू कापताना हत्यार आणि कापला जाणारा जॉब थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, पाण्याचे साधारणपणे चार पर्याय असतात: आवारातील बोअरवेल, एमआयडीसीचे नळाचे पाणी, सॉफ्टनरमधून (पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातून) काढलेले पाणी आणि आरओचे (पडद्यातून गाळून क्षार काढलेले) पाणी. बहुतेक ठिकाणी ही निवड विचार करून झालेली नसते. मशीनच्या सर्वांत जवळ जो नळ असतो, त्याचेच पाणी टाकीत जाते. कूलंटचे तेल घेताना मात्र आपण तीन पुरवठादारांकडून भाव मागवतो, नमुने घेतो, ट्रायल लावतो. टाकीतल्या मिश्रणात तेलाचा वाटा साधारण 5 ते 10 टक्के आणि उरलेले सगळे पाणी असते, हे लक्षात घेतले तर चौकशीचा हा क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे. चार ते दहा सीएनसी किंवा व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापण्याची मशीन) असलेल्या आणि पाण्यावर खर्च करावा की नाही या विचारात असलेल्या कारखानदारासाठी ही तुलना लिहिली आहे.

आधी पाण्यात काय पाहायचे ते ठरवू. पहिली गोष्ट हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण. शाळेच्या पुस्तकातले दुष्फेन पाणी ते हेच. दुधाळ कूलंटमध्ये तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवण्याचे काम साबणासारखी द्रव्ये करतात. कॅल्शियम या द्रव्यांना पकडून चिकट, न विरघळणारी साय तयार करते. तीच साय फिल्टरच्या जाळीवर, दरवाज्याच्या काचेवर आणि वे-कव्हरच्या (मशीनच्या सरकत्या मार्गावरील झाकणाच्या) फटींत बसते, आणि ज्या द्रव्यासाठी आपण पैसे मोजले ते कामाआधीच खर्ची पडते. दुसरी गोष्ट क्लोराइड. ते डोळ्यांना दिसत नाही, पण गंजाला तेच आमंत्रण देते. तिसरी सल्फेट, जे हवा न लागणाऱ्या टाकीत विशिष्ट जीवाणूंचे खाद्य बनते आणि सोमवारी सकाळी कुजक्या अंड्यासारखा वास देते. बाजारात मिळणारा टीडीएस मीटर या सर्वांची एकत्र बेरीज दाखवतो. त्यातला कोणता क्षार किती, हे तो सांगत नाही. म्हणून टीडीएस मीटरसोबत हार्डनेस मोजण्याचा छोटा संच आणि क्लोराइडच्या पट्ट्या घ्याव्यात. हार्डनेसच्या संचात थेंब मोजत द्रावण टाकायचे असते आणि दारूसारखा लाल रंग निळा झाला की थेंबांची संख्या लिहायची असते. हेल्परही हे काम दहा मिनिटांत शिकतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘आम्ही हेच पाणी पितो, मग मशीनला काय होणार?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 : 2012 मध्ये, एकूण हार्डनेस 200 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालणारा मानला आहे, क्लोराइडसाठी हेच आकडे 250 आणि 1000 आहेत. कूलंटच्या दृष्टीने हार्डनेस सुमारे 80 ते 125 पीपीएम (म्हणजेच मिलिग्रॅम प्रतिलिटर) असला तर उत्तम, 200 च्या पुढे त्रास सुरू होतो आणि क्लोराइड 50 ते 100 च्या आत हवे. म्हणजे माणसाला निर्धोक असलेले पाणी बिडाच्या जॉबला घातक असू शकते.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. पाणी कोणते घ्यावे हे टाकी भरण्याच्या दिवसावरून ठरवू नये. ते रोजच्या टॉप-अपवरून, म्हणजे टाकीची घटलेली पातळी भरून काढण्यासाठी टाकलेल्या पाण्यावरून, ठरवावे. टाकीतून वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, आणि त्यातले क्षार मागे राहतात. 200 लिटरची टाकी घ्या आणि बोअरवेलच्या पाण्याचा हार्डनेस 300 पीपीएम धरा. भरताना टाकीत 60 ग्रॅम कठीण क्षार गेले. रोज 10 लिटर टॉप-अप धरले तर कामाच्या 26 दिवसांत 260 लिटर पाणी आणि त्यासोबत आणखी 78 ग्रॅम क्षार आत गेले. महिन्याच्या शेवटी टाकीत 138 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 690 पीपीएम एवढा हिशेब होतो. चिप्स (धातूचा कीस) आणि जॉबबरोबर थोडे कूलंट बाहेर जाते आणि काही कॅल्शियम सायीच्या रूपात बाजूला पडते, त्यामुळे प्रत्यक्ष मापन याहून कमी येईल. परंतु दिशा हीच राहते. हाच हिशेब चारही पाण्यांना लावून पाहू.

बोअरवेलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आपल्याकडचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यातून झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येते, आणि 300 पीपीएमच्या पुढचे आकडे नवलाचे नाहीत. शिवाय पावसाळ्यात आणि मे महिन्यात एकाच बोअरचे पाणी सारखे नसते. पाणी फुकट मिळते हा त्याचा एकमेव गुण आहे, आणि वरचा हिशेब पाहिल्यावर तो गुणही टिकत नाही, कारण काही शेकडे रुपये लिटरचे तेल त्यात साय होऊन वाया जाते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर तो बोअरवेलच समजावा आणि खाली करण्यापूर्वी बादलीभर पाणी घेऊन तपासावे. एका शॉपमध्ये एप्रिल-मे असे दोन महिने टँकरचे पाणी वापरले गेले, आणि जूनमध्ये व्हाइसच्या जबड्यांवर रविवारच्या एका सुट्टीत तांबूस थर दिसू लागला. त्यांनी तेल बदलले, पुरवठादाराशी भांडण झाले, नव्या तेलावरही तोच थर आला. अखेर पाणी तपासले तेव्हा क्लोराइडची पट्टी शेवटच्या रंगापर्यंत गेली.

एमआयडीसीच्या नळाचे पाणी धरण किंवा नदीचे असते. भोसरीच्या औद्योगिक क्षेत्राला पवनेचे पाणी मिळते, आणि सह्याद्रीच्या पावसावर भरणाऱ्या धरणांचे पाणी बोअरपेक्षा बरेच मृदू असते. समजा त्याचा हार्डनेस 80 पीपीएम आहे. वरच्याच टाकीत भरताना 16 ग्रॅम क्षार गेले आणि महिन्याच्या टॉप-अपमधून सुमारे 21 ग्रॅम. पहिल्या महिन्याअखेर 184 पीपीएम, दुसऱ्या महिन्याअखेर 288 आणि तिसऱ्या महिन्याअखेर जवळजवळ 390. म्हणजे चांगल्या नळाच्या पाण्यावरही कूलंट दोन-तीन महिन्यांत त्याच टप्प्यावर येते, जिथे बोअरवेल पहिल्याच दिवशी असते. ज्यांची टाकी तशीही दोन महिन्यांत बदलली जाते, ज्यांचे काम ॲल्युमिनियम किंवा साध्या स्टीलचे आहे आणि मशीन दोन-तीनच आहेत, त्यांनी या पाण्यावर समाधान मानायला हरकत नाही. त्यांनी आरओचा खर्च करण्यापूर्वी आधी ऑइल स्किमर घ्यावा. स्लाइडवे ऑइलची (मशीनच्या सरकत्या मार्गांना दिलेल्या तेलाची) तवंगाची चादर काढली तरच टाकीला हवा लागते आणि वास थांबतो.

सॉफ्टनर हा सर्वांत जास्त खपणारा आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या कारणासाठी घेतला जाणारा पर्याय आहे. तो स्वस्त असतो, कमी जागा घेतो, आरओइतके पाणी वाया घालवत नाही, आणि विकणारा बाटलीत साबण हलवून भरपूर फेस दाखवतो, तो फेस खराच असतो. परंतु सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढत नाही. तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस मीटर सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर लावून पाहा. आकडा जवळपास तोच येईल. क्लोराइड आणि सल्फेट जसेच्या तसे पुढे जातात. मिठाच्या पाण्याने रेझिन (ही अदलाबदल करणारे सॉफ्टनरमधले दाणे) धुतल्यानंतर शेवटची धुलाई घाईने उरकली, तर उलट मीठच कूलंटमध्ये जाते. साय बंद होते, काच स्वच्छ दिसते, आणि म्हणून मालकाला वाटते की काम झाले. दरम्यान टॉप-अपबरोबर सोडियम आणि क्लोराइड टाकीत साचत राहतात, आणि दोन महिन्यांनी गंजाची तक्रार येते तेव्हा कोणी पाण्याकडे पाहत नाही. फेस मोडणारे कॅल्शियम निघून गेल्यामुळे जास्त दाबाच्या पंपावर फेसही वाढतो. बोअरच्या पाण्यावर आरओ चालवायचा असेल तर त्याच्या पडद्यांवर थर बसू नये म्हणून आधी सॉफ्टनर लावणे योग्यच आहे. कूलंटच्या टाकीसाठी एकटा सॉफ्टनर घेऊ नये.

आरओचे पाणी वरच्या हिशेबात घाला. टाकी नळाच्या 80 पीपीएमच्या पाण्याने भरली आणि टॉप-अप 10 पीपीएमच्या आरओ पाण्याने केला, तर महिन्याअखेर 93 पीपीएम होतात, आणि सहा महिन्यांनीही आकडा 160 च्या आसपास राहतो. हा फरक एवढा मोठा आहे की पाच-सहा मशीनच्या पुढे मला दुसरा पर्याय सुचवावासा वाटत नाही. क्लोराइड आणि सल्फेटही त्याच प्रमाणात रोखले जातात, त्यामुळे गंज आणि वास या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच खर्च पोहोचतो. आठ मशीनना रोज 15 लिटर धरले तर गरज 120 लिटरची आहे. ताशी 25 लिटरचे छोटे यंत्र आणि 500 लिटरची प्लास्टिकची टाकी त्याला पुरेशी होते.

आरओचे दोषही सांगितले पाहिजेत. लहान यंत्रात आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मे नाकारलेले पाणी म्हणून बाहेर पडते. ते संडासाच्या फ्लशला वापरता येते, कूलंटमध्ये कधीही टाकू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन पडद्याला मारक असते, म्हणून कार्बन फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. हे पाणी लोखंडाला भुकेलेले असते, म्हणून ते जीआय पाइपातून नेऊ नये, लोखंडी ड्रममध्ये ठेवू नये आणि नुसते पाणी मशीनच्या बेडवर मारू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोरी टाकी संपूर्ण आरओ पाण्याने भरली तर फेसाचा डोंगर उठू शकतो आणि दोष तेलावर जातो. यासाठीच मी दोन पाण्यांची जोडी सुचवतो: पहिली भरणी नळाच्या किंवा मिसळलेल्या पाण्याने, हार्डनेस 100 च्या आसपास ठेवून, आणि त्यानंतरचा प्रत्येक टॉप-अप आरओने. डीएम प्लांटचे (रेझिनने सर्व क्षार काढणाऱ्या यंत्राचे) पाणी आरओइतकेच किंवा अधिक शुद्ध असते, पण त्याच्या रेझिनला ॲसिड आणि कॉस्टिक हाताळावे लागते. लहान शॉपने त्या वाटेला जाऊ नये.

निर्णय घेण्यापूर्वी एक चाचणी स्वतःच्या टेबलावर करून पाहावी. ती प्रमाणित चाचणीच आहे आणि तिला बशी, फिल्टर पेपर आणि तेल न लागलेल्या बिडाच्या कोरड्या चिप्स एवढेच लागते. चार बशांत फिल्टर पेपर ठेवा, प्रत्येकावर सुमारे 2 ग्रॅम चिप्स पसरा, आणि आपलेच तेल एकाच प्रमाणात, समजा 4 टक्के, चार वेगवेगळ्या पाण्यांत मिसळून प्रत्येकी 2 मिलिलिटर चिप्सवर घाला. बशा झाकून दोन तास ठेवा, मग चिप्स झटकून कागद धुवा. जिथे संरक्षण अपुरे आहे तिथे कागदावर तपकिरी ठिपक्यांची नक्षी उमटते. तेल तेच, प्रमाण तेच, चिप्स त्याच. बदलले ते फक्त पाणी. चार कागद वाळवून कार्यालयाच्या भिंतीवर लावले की भागीदारांना खर्च समजावून सांगावा लागत नाही.

पाणी बदलले तरी काही सवयी पाळाव्याच लागतात. मिसळताना आधी पाणी आणि मग ढवळत तेल. उलट केल्यास लोण्यासारखे गोळे होतात. टॉप-अप नुसत्या पाण्याचा न करता 1 ते 2 टक्क्यांच्या पातळ मिश्रणाचा करावा आणि रिफ्रॅक्टोमीटरचे (मिश्रणातले तेल मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन तेलाच्या गुणकाने गुणूनच प्रमाण लिहावे. साचलेले क्षार आणि मिसळलेले स्लाइडवे ऑइल हे वाचन फुगवतात, त्यामुळे जुन्या टाकीत 8 दिसले तरी खरे तेल 6 च असू शकते. पीएच आठवड्यातून एकदा पाहावा. 9 च्या आसपासचा आकडा 8.5 च्या खाली उतरू लागला की जीवाणूंचे काम सुरू झाले आहे असे समजावे. जुन्या, वास मारणाऱ्या टाकीत नवे पाणी आणि नवे तेल ओतणे म्हणजे नासक्या दुधाच्या भांड्यात ताजे दूध घालणे आहे. आधी सिस्टिम क्लीनर फिरवून टाकी, पाइप आणि चिप कन्व्हेयरचा तळ स्वच्छ करावा.

खर्चाची तुलना करताना टाकी रिकामी करण्याचा खर्च बहुतेक जण विसरतात. वापरलेले कूलंट गटारात सोडता येत नाही. तेलमिश्रित टाकाऊ द्रव म्हणून ते 2016 च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि अधिकृत यंत्रणेकडेच द्यावे लागते. टाकी वर्षातून सहा वेळा बदलण्याऐवजी दोनदा बदलली, तर 200 लिटरच्या एका मशीनमागे 800 लिटर टाकाऊ द्रव, तेवढ्या भरणीचे तेल आणि चार वेळा मशीन बंद ठेवण्याचे तास वाचतात. 7 टक्क्यांनी हे तेल 56 लिटर होते; त्याला आपल्या तेलाच्या भावाने आणि आपल्या मशीनच्या संख्येने गुणावे आणि तो आकडा आरओच्या कोटेशनशेजारी लिहावा.