पॉप्युलेशन सॉल्व्हरचे सेफ्टी चेक: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या नॉन-एलटीई कोडमध्ये (वायू स्थानिक औष्णिक समतोलात, म्हणजे एलटीईत, आहे असं तो धरत नाही) लेव्हल पॉप्युलेशन, म्हणजे कुठल्या ऊर्जा-पातळीत अणूंचा किती वाटा आहे ते, काढणारा सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा भाग) बदलला, त्याला बरेच महिने झाले. वेगात फारसा फरक नाही. फरक पडलाय तो उत्तर हातात येण्याआधी होणाऱ्या तपासणीत, आणि माझ्या मते तीच या आवृत्तीची खरी कमाई आहे.

गणित नेहमीचंच: प्रत्येक लेव्हलमध्ये जेवढे अणू येतात तेवढेच बाहेर जातात. ही समीकरणं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून एक ओळ काढून तिथे एकूण बेरीज 1 ही अट घालतात. अडचण येते ती आकड्यांच्या पसाऱ्यामुळे. हायड्रोजनमध्ये 1000 केल्विनला, औष्णिक समतोलात, दुसऱ्या लेव्हलचं पहिल्याशी गुणोत्तर 10 च्या उणे 51 व्या घाताच्या आसपास येतं. डबल प्रिसिजन, म्हणजे संगणकात आकडे ठेवायची नेहमीची अचूकता, साधारण 16 अंकांची. त्यामुळे राउंड-ऑफने (पुढचे अंक सुटल्याने होणाऱ्या चुकीने) अशा लेव्हलमध्ये चक्क उणे पॉप्युलेशन येऊ शकतं.

जुना सॉल्व्हर तिथे मुकाट्याने शून्य लिहून पुढे जायचा. नवा आधी बघतो, की हा उणे आकडा राउंड-ऑफच्या मर्यादेत बसतो का. बसला तर किमान मूल्य लावून बेरीज पुन्हा 1 करतो आणि लॉगमध्ये तशी नोंद टाकतो. नाही बसला तर रन थांबतो, आणि सेल (गणनेतला वायूचा तो छोटा तुकडा), तापमान, इलेक्ट्रॉन घनता, लेव्हल सगळं छापून येतं. एकदा या छापलेल्या तापमानावरूनच कळलं, की टक्करींच्या दराचं बहुपदी फिट (आकड्यांवर बसवलेलं सूत्र) त्याच्या मर्यादेबाहेर वापरलं जात होतं आणि दरच उणे येत होता. शून्य लिहिलं असतं तर हे कधीच सापडलं नसतं.

एनएएनची (‘नॉट अ नंबर’, म्हणजे आकडाच नसलेलं उत्तर) तपासणीही नीट लिहिलीय. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ असं विचारलं तर एनएएन बिनबोभाट सुटतो, कारण त्याची कमी, जास्त किंवा समान अशी कुठलीही तुलना खोटीच ठरते. इथे ‘शून्य किंवा जास्त नसेल तर थांब’ असं उलटं विचारलंय.

एक गोष्ट मात्र अजिबात पटली नाही. सॉल्व्हर अडला की एलटीईची पॉप्युलेशन भरण्याचा पर्याय आधीपासूनच चालू असतो. विरळ वायूत वरच्या लेव्हल त्यामुळे कित्येक पटींनी फुगू शकतात. मी तो पहिल्यांदा बंद करतो, तुम्हीही करा. शिवाय रेसिड्युअल (उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारी तफावत) अजून सगळ्या लेव्हलचा मिळून एकच बघितला जातो. तो प्रत्येक लेव्हलच्या स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या प्रवाहाने भागून बघायला हवा, नाहीतर तळाच्या लेव्हलच्या मोठ्या आकड्यांत वरच्यांची चूक दिसतच नाही.