नागदेवीत पटाशी घेताना

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुतारकामाची हत्यारं घ्यायला जायचं तर सकाळी अकराच्या सुमाराला जा. दुकानं नुकती उघडलेली असतात, शेठ लोकांना बोलायला सवड असते आणि हातगाड्यांची कोंडी अजून व्हायची असते. दुपारनंतर गेलात तर ‘बाजू, बाजू’ करत येणाऱ्या हमालांना वाट देण्यातच अर्धा वेळ जातो. रविवारी बहुतेक शटरं खाली. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटवरून चालत जाता येतं, मशीद बंदरला पश्चिमेकडे उतरलं तर त्याहून जवळ. गाडी आणायचा विचारही करू नका.

मी लालबागला राहते, ऑफिस फोर्टात, त्यामुळे ही गल्ली माझ्या पायाखालची. आमची इमारत जुनी, दारं-खिडक्या सागवानी, आणि कुठली तरी बिजागरी, कडी, कोयंडा कायम निखळलेला. सुतार ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येत नाही. त्याचंही बरोबर आहे, एका बिजागरीसाठी त्याचा अर्धा दिवस मोडतो. म्हणून घरातली आणि हळूहळू शेजारपाजारची सुतारकामाची किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे आली.

ज्या दुकानात मी नेहमी जाते ते दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरतं. पुढे लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, आणि वरचा माल काढायला शिडीवर चढलेला एक पोरगा. पाटी वाचत शोधण्यासारखं त्यात काही नाही, अशी दुकानं गल्लीत बरीच आहेत. मी दुकान पारखते ते एका गोष्टीवरून. वस्तू पिशवीतून बाहेर काढायला सांगायची आणि स्टीलची पट्टी मागायची. पट्टी लगेच पुढे आली तर तिथे थांबावं. ‘सब बराबर है, ले जाओ’ असं ऐकू आलं तर पुढच्या दुकानात जावं. एका ठिकाणी तर मला विचारलं होतं, ‘साहेबांनी काय लिहून दिलंय?’ तिथे मी पट्टीसुद्धा मागितली नाही.

माझ्या नेहमीच्या दुकानातले भाई मात्र मी पटाशी, म्हणजे सुताराची लाकूड कोरायची छिन्नी, म्हटलं की तीन-चार काढून समोर ठेवतात आणि गिऱ्हाइकाला बघू देतात. पटाशी घेताना लोक अंगठा फिरवून धार बघतात. नव्या पटाशीची धार बघण्यात काही अर्थ नाही, ती घरी आणून लावायचीच असते. बघायची ती पाठ, म्हणजे उताराच्या उलट बाजूची सपाट बाजू. पट्टी तिच्यावर उभी धरून उजेडाकडे करायची. मध्ये पुसटसा उजेड दिसला तर चालतं, पाठ किंचित खोलगट आहे एवढंच. पट्टी मध्ये टेकून दोन्हीकडे डुलायला लागली तर पाठीला पोट आहे, आणि ते सहाणेवर घासून काढायला जन्म जातो. मग पटाशी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मूठ आणि पातं एका रेषेत आहेत का ते बघायचं. स्वस्तातल्या मालात मूठ हमखास वाकडी बसवलेली असते आणि ठोका बसला की पटाशी कलते. कडा उतरत्या असलेली घ्या, कोपऱ्यात तीच शिरते. मूठ लाकडी असेल तर डोक्याला लोखंडी कडं हवं, नाहीतर ठोकून ठोकून मूठ फुलते.

मापं दोनच, 12 आणि 25 मिलिमीटर. घरच्या दारांच्या बिजागऱ्यांची घरं करायला, कोयंड्याची खाच मोठी करायला एवढ्यात भागतं. सहांचा संच घेतला तर त्यातल्या चार पिशवीतच गंजतात.

संचावरून आठवलं. माझ्या भावाने एका भाऊबीजेला ओवाळणीत शंभरावर नगांचा हत्यारांचा संच घातला. ऑनलाइन मागवलेला, निळी पेटी, प्रत्येक वस्तूला आपापला खळगा. साडीपेक्षा मला तो जास्त आवडला, हे वहिनीला अजून पटलेलं नाही. पण त्यातला डिसमिस पहिल्याच घट्ट स्क्रूवर टोकाशी पिळवटला. हातोडीचं डोकं दांड्यावर हलत होतं. पेटी आता सुईदोऱ्याला कामाला येते.

डिसमिस सुटे घ्यावेत आणि चांगले घ्यावेत. मी नाशिकच्या तापडियाचे वापरते, पक्कडही त्यांचीच, वर्षानुवर्षं टोक शाबूत आहे. फुलीच्या स्क्रूला घरात सगळ्यात जास्त लागतो तो पीएच 2 (पीएच म्हणजे फिलिप्स) मापाचा, बारीक स्क्रूंना पीएच 1. लहान टोक मोठ्या फुलीत घालून फिरवलं की ते उसळून बाहेर येतं आणि फुलीची वाटी होते. जुन्या घरात मात्र सपाट खाचेचे पितळी स्क्रू भेटतात. तिथे टोक खाचेच्या रुंदीलाही पुरायला हवं आणि जाडीलाही. वर्षांनुवर्षं चढलेला ऑइल पेंट आधी टोच्याने किंवा जुन्या खिळ्याने खाचेतून खरवडून काढायचा आणि मगच हात लावायचा. नवीन पितळी स्क्रू सागात बसवताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून बाहेर काढायचा, म्हणजे आटे तयार होतात. पितळ मऊ असतं, सरळ पिळलं तर मान तुटते आणि अर्धा स्क्रू लाकडात राहतो. आट्यांना मेणबत्ती घासायची. बरेच जण साबण लावतात, पण साबण ओल धरतो.

गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, घेताना काउंटरवरच एक परीक्षा करता येते. सरळ कडेची फळी किंवा जाड पुठ्ठा मागायचा, गुण्या कडेला टेकवून पेन्सिलीने रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. वर जाताना फाकल्या तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. भाईंनी मला हे करताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वतःहून आतून दुसरा गुण्या काढून दिला. ‘ये वाला मत लो, ये शोकेस का है.’ पातळी बघायच्या पाणसळीलाही हीच युक्ती चालते. एकदा ठेवून बुडबुडा बघायचा, मग टोकं बदलून तिथेच ठेवायची. बुडबुडा जागा बदलतो ती पाणसळ परत द्यायची.

रंधा हा खर्चाचा भाग. मी घेतला तो जालंधरचा, लोखंडी, चार नंबरचा, साडेनऊ इंच लांब आणि दोन इंची पात्याचा. रचना जगभर चालते तीच, बेलीची. लेनर्ड बेली या अमेरिकन माणसाने ती बसवली आणि 1869 मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचे हक्क घेतले. तेव्हापासून पात्याचा 45 अंशांचा कल आणि मागचं पितळी चाक यात फारसा बदल झालेला नाही. मालाबद्दल खरं सांगायचं तर डब्यातून काढला तसा हा रंधा लाकूड तासत नाही, ओरबाडतो. पात्याला धार नव्हती, तळ मध्ये किंचित उचललेला होता आणि पात्यावरची टोपी नीट टेकत नव्हती, तिच्याखाली ढलपे अडकायचे. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासला, टोपीची कड घासली, पातं पाजवलं. आता त्यातून पापडासारखा पातळ ढलपा निघतो. परदेशी रंध्याच्या किमतीच्या मानाने हा फार स्वस्त पडतो, पण हा घाम किमतीत धरूनच घ्या. ज्यांना तो गाळायचा नाही त्यांनी रंधा घेऊच नये, खरकागद आणि लाकडी ठोकळा बस झाला.

धारेचं सामान त्याच दुकानात मिळतं. दोन बाजूंची कार्बोरंडमची सहाण, म्हणजे धार लावायचा दगड, एक बाजू भरड, एक बारीक. ती तेलावर वापरायची की पाण्यावर हे पहिल्या दिवशी ठरवा, कारण एकदा तेल प्यायलेल्या सहाणेवर पाणी चालत नाही. उतार 25 अंशांचा, आणि अगदी टोकाशी थोडा उचलून 30 अंशांची बारीक पट्टी. घासता घासता पाठीकडून अंगठा धारेबाहेर ओढला की बोटाला खरखर लागते, तीच धार आल्याची खूण. मग पाठ सपाट टेकवून ती खरखर काढायची. देवदाराच्या फळीचं टोक, जिथे रेषा उभ्या येतात, तिथे पटाशी हाताने दाबून बघा. लाकूड चिरडलं तर धार नाही, चकचकीत कापलं तर झाली.

सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्या, सुरी द्या, पटाशी देऊ नका. कोरड्या चाकावर पोलाद तापून निळं पडतं, आणि निळं पडलेलं टोक मऊ झालेलं असतं. तेवढा भाग घासून काढेपर्यंत त्याला धार टिकत नाही.

करवतीबद्दल थोडक्यात. आपल्याकडची करवत ढकलताना कापते, जपानी ओढताना. ओढीची असल्यामुळे तिचं पातं पातळ ठेवता येतं आणि नवख्या हाताला ती सोपी जाते. दातांची टोकं काळपट निळी दिसली तर ते कडक केलेले दात आहेत. ते दीर्घकाळ टिकतात, पण बोथट झाले की कानस त्यांच्यावर चालत नाही, पातंच बदलायचं.

नागदेवीत जे मिळत नाही ते चोर बाजारात बघते. शुक्रवारी पहाटे तिथे रस्त्यावर जुना माल पसरतात, त्यात कधीकधी इंग्लंडमधल्या शेफील्डचा शिक्का असलेल्या पटाश्या निघतात. पोलाद सुरेख असतं. पण गंज वरवरचा आहे की खड्डे पडलेत ते पाठीवर, धारेजवळ, बघून घ्या. तिथे खड्डा असेल तर धार तेवढ्यापुरती कायम तुटकी येते. मूठ फुटकी असली तरी चालेल, बाभळीची नवी बसवून मिळते.

आता ज्या कामासाठी निम्मी मुंबई जुलैत रंधा शोधत येते ते काम, फुगलेलं दार. लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार कडीच्या बाजूला घासतं. पण ते फक्त वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुधा ते सैल असतात आणि दार झुकलेलं असतं. स्क्रू काढून भोकात सागाची काडी फेविकॉल लावून ठोकायची, सुकली की कापून सपाट करायची आणि स्क्रू पुन्हा पिळायचे. आमच्या मजल्यावरची दोन दारं एवढ्यावरच सरळ झाली, रंधा काढावाच लागला नाही. खरंच फुगलं असेल तर चौकटीला खडू लावून दार मिटायचं आणि दारावर खडू जिथे उमटेल तिथेच, तेवढंच तासायचं. जुलैत मोकळेपणाने तासलं की जानेवारीत त्या फटीतून जिन्यातला दिवा दिसतो. तासलेली उघडी कड कोरडे दिवस आले की रंगवून टाका, नाहीतर पुढच्या पावसात तीच आधी पाणी पिते.

आणि गंज. या शहरात, समुद्राच्या हवेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं हत्यार सगळ्यात आधी गंजतं, ओल आत कोंडते. शिलाई मशीनच्या तेलाच्या फडक्याने पुसून, सुती कापडात गुंडाळून ठेवा.

दुकानाबद्दलच्या तक्रारी तीन. घाऊकवाला आला की किरकोळ गिऱ्हाइकाला बाजूला उभं राहावं लागतं. माल परत घेत नाहीत, फार तर बदलून देतात, तोही न वापरलेला. आणि पटाशीच्या पोलादाबद्दल विचारलं की प्रत्येक पटाशी ‘एक नंबर’ असते. तरीही दोन पटाश्या, सहाण, गुण्या, हातोडी आणि दोन डिसमिस एवढं सगळं मला त्या निळ्या पेटीच्या किमतीच्या आसपासच पडलं. पक्कं बिल हवं असेल तर भाव विचारायच्या आधीच सांगा, ठरल्यावर सांगितलं की भाव बदलतो.