पाणलोट विकासाची सरकारी सेवा: आखणी चांगली, देखभाल बेवारस

बेळगाव सीमाभागातील आमच्या शिवारात पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याचे, काम पूर्ण होऊन आता चार पावसाळे उलटले आहेत. तेव्हा या सेवेबद्दल लाभार्थी म्हणून लिहायला हरकत नाही. इथल्या वयस्कर शेतकऱ्यांना ‘सरकारी बांध’ नवे नाहीत. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्या राज्यात १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली बांधबंदिस्ती होत असे.

आजची रचना अशी आहे, की निम्म्याहून अधिक पैसा केंद्राचा (आता केंद्र ६०, राज्य ४० टक्के), मंजुरी आणि देखरेख कर्नाटक राज्याच्या पाणलोट विकास खात्याकडे आणि प्रत्यक्ष कामाची जबाबदारी ग्रामसभेने नेमलेल्या पाणलोट समितीवर. आमचे काम जुन्या दराने, म्हणजे सपाट भागासाठीच्या हेक्टरी १२,००० रुपयांनी झाले. २०२१ नंतरच्या टप्प्यात हाच दर २२,००० आहे. एवढ्याशा पैशात समपातळी बांध, नाल्यावरचे दोन चेक डॅम आणि माळावरचे चर झाले, आणि माझ्या मते ते चोख झाले. माथ्यापासून पायथ्याकडे येण्याचा क्रम कनिष्ठ अभियंत्याने हट्टाने पाळला, बांधाची रेषा नळीने पातळी घेऊन आखली. विहिरीला पूर्वी माघात तळ दिसायचा, तो आता फाल्गुनअखेर दिसतो.

कागदपत्रे मात्र सगळी कन्नडमध्ये. मराठी वाचणाऱ्या शेतकऱ्यांनी कृती आराखड्यावर सह्या केल्या त्या तोंडी सांगण्याच्या भरवशावर. सांगणारा प्रामाणिक होता, हे आमचे नशीब.

राज्याची देखरेख कडक आहे, हे मान्य करावे लागेल. मोजमाप पुस्तिका तपासली गेली आणि प्रत्येक कामाचे फोटो अक्षांश-रेखांशांसह ‘दृष्टी’ अ‍ॅपवर चढवल्याशिवाय बिल निघाले नाही. परंतु हे सगळे फोटो उन्हाळ्यातले. बांध टिकेल की नाही याची परीक्षा पहिल्या मोठ्या पावसात होते आणि त्या पावसानंतर आमच्याकडे तपासणीला कोणीही आले नाही. दुसऱ्याच वर्षी एका चेक डॅमच्या सांडव्याखाली, म्हणजे जादा पाणी वाहून जाते तिथे, घळ पडली. कार्यालयात विचारले तेव्हा प्रकल्प बंद झाला असून दुरुस्ती समितीने करायची, असे उत्तर मिळाले. नियमाने ते बरोबरच आहे, कारण त्यासाठीच खासगी जमिनीवरील कामाच्या खर्चाचा किमान १० टक्के (अल्पभूधारक तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांकडून ५ टक्के) हिस्सा पाणलोट विकास निधीत जमा होतो. आम्हीही तो भरला. पण प्रकल्पाच्या पैशातून मानधन मिळणारा समितीचा सचिव प्रकल्पाबरोबरच गेला, समितीची बैठक त्यानंतर भरली नाही आणि निधी खात्यात पडून राहिला. पै-पैचा हिशेब घेणाऱ्या राज्याने त्या खात्याचे पुढे काय झाले, एवढे एकदा तरी विचारायला हवे होते.

सीमेपलीकडे चंदगडला आमचे पाहुणे आहेत; तिकडचे राज्य वेगळे, खाते वेगळे, तक्रार मात्र हीच.

आखणी आणि बांधकामाला मी पाचपैकी चार गुण देईन, देखभालीला एक. ज्यांच्या गावात नवा टप्पा मंजूर झाला आहे, त्यांनी आराखड्याच्या ग्रामसभेतच निधीचे खाते कोण चालवणार आणि सचिव गेल्यावर दप्तर कोणाकडे राहणार, हे ठरावात लिहून घ्यावे. आम्ही यंदा मृगाआधी वर्गणी काढून ती घळ दगड रचून बुजवली आहे.