इंदूर-३ की इंदूर-४ : कोणत्या सीटचा इतिहास जास्त इंटरेस्टिंग?

आपल्याकडे इंदूरमध्ये विधानसभा इलेक्शनचा विषय निघाला की सगळे चार नंबरच्या सीटबद्दल बोलतात, भाजपची अयोध्या म्हणून, आणि ते खरंच आहे, १९९० ला कैलाश विजयवर्गीय जिंकले, मग १९९३ पासून लक्ष्मणसिंह गौड सलग तीनदा, २००८ मध्ये ते अपघातात गेल्यावर पत्नी मालिनीताई, आणि त्या २०२३ पर्यंत चार वेळा! मधे महापौर पण होत्या. संघटना एवढी पक्की की काँग्रेस उमेदवार बदलत राहिली, रिझल्ट तोच.

पण मला विचाराल तर तीन नंबर बघा. राजवाडा, जुनी बाजारपेठ, सगळं याच भागात, आणि इथे खरी टक्कर होते. सुमित्राताई महाजन आठ वेळा खासदार झाल्या ना, त्या १९८५ ला विधानसभेत काँग्रेसच्या महेश जोशींकडून हरल्या होत्या, हे नवीन पोरांना माहीतच नसतं. पुढे महेश जोशींचे पुतणे अश्विन जोशी १९९८, २००३, २००८ तिन्ही जिंकले, म्हणजे २००३ च्या भाजपच्या लाटेतही सीट राखली, याचं मला फार कौतुक वाटतं. २०१३ ला भाजपच्या उषा ठाकूर यांनी ती घेतली, मग भाजपचेच २०१८ ला आकाश विजयवर्गीय सहा हजारांपेक्षा कमी मतांनी आले, २०२३ ला गोलू शुक्ला.

चारमध्ये तिकीट कोणाला मिळतं तेच मोठं, तीनमध्ये बरीच वर्षं मतमोजणीच्या शेवटच्या राउंडपर्यंत जीव टांगणीला असायचा. मतदाराला किंमत तिथेच असते जिथे दोन्ही पक्षांना हरायची भीती वाटते, म्हणून माझं मत तीनलाच.