आयडलिंगचं दुखणं, २२ हजारांचं औषध

गोव्यात पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तिथेच माझी दहा वर्षांची पेट्रोल गाडी पहिल्यांदा धापा टाकायला लागली. आरपीएमचा, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा ५०० वर उतरायचा, लगेच १२०० वर चढायचा, स्टिअरिंग हातात थरथरायचं. इंजिन तापल्यावर, गाडी जागेवर उभी असताना (यालाच आयडलिंग म्हणतात), काटा साधारण ७०० ते ९०० च्या दरम्यान गप्प बसायला हवा. एसी लावला तर थोडा वर. डिचोलीला घरी पोचेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. गंमत म्हणजे रस्ता मोकळा मिळाला की काही तक्रार नाही. ती गंमत तेव्हाच कळायला हवी होती.

गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली होती. हायवेवरच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि मोबाइलवर लाल अक्षरं दाखवली: पी०१७१. "पात्रांव, चारही इंजेक्टर गेले. अशीच फिरवलात तर इंजिन बसेल." इंजिन बसेल म्हटल्यावर आपण आधी बसतो. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या. पण त्या पी०१७१ कोडचा अर्थ एवढाच, की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ती कशामुळे, हे स्कॅनर सांगत नाही. ते शोधणं हे मेकॅनिकचं काम, आणि हे मला २२ हजार मोजून झाल्यावर समजलं.

तीन दिवसांनी गाडी मिळाली, आयडलिंग एकदम शांत. जुने इंजेक्टर मागितले तर म्हणाला, भंगारात गेले. जुने भाग परत हवेत, हे आधीच, काम हातात देतानाच सांगून ठेवायचं असतं.

पाचव्या दिवसाचं विसर्जन आटोपून परतताना काटा पुन्हा नाचायला लागला.

या वेळी साखळीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने स्कॅनर काढलाच नाही. इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली कान लावला. बारीक सूंऽऽ आवाज येत होता. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या मागची एक बोटभर रबरी नळी त्याने चिमटीत दाबली आणि काटा जागच्या जागी थांबला. नळीवर काळ्या टेपचे तीन वेढे होते, उष्णतेने सैल पडलेले, कडेने डिंक ओघळलेला. टेप सोलली तर खाली नखाएवढी चीर.

म्हणजे पहिल्याला खरा रोग सापडला होता.

"इंजेक्टर बदललेत ना? मग हे बघा," म्हाताऱ्याने टॉर्च मारला. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या वरच्या नळीच्या, म्हणजे रेलच्या बोल्टांवर आमच्या डिचोलीची तांबडी खाणमाती तेलात कालवून घट्ट बसली होती, तडाही न गेलेली. पाना लागलाच नव्हता.

मग त्याने समजावलं. गाडी जागेवर उभी असताना थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे इनटेकमध्ये ओढ फार. चिरेतून हिशेबाबाहेरची हवा आत घुसते आणि काटा हेलकावतो. वेगात मुळातच एवढी हवा जाते की ती चीर जाणवतही नाही. इंजेक्टर खराब असते तर चढावर, ओव्हरटेक करतानाही गाडी दमली असती. नळी १५० रुपये, मजुरी २००.

तडक पहिल्या गॅरेजात गेलो, टेपचा तुकडा टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बिल दाखवा."

"पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर पडेल," असं तो त्या दिवशी म्हणाला होता. ते १८ टक्के वाचवले होते मीच.