कॅप्सूलचं डिसोल्यूशन: हाताने, ऑटोसॅम्पलरने की पूर्ण स्वयंचलित?

डिसोल्यूशन म्हणजे औषध ठरलेल्या वेळात किती विरघळतं याची चाचणी. पुण्याजवळच्या भोसरी-पिरंगुटच्या औषधांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये तिच्यासाठी नव्या यंत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, दिवसाला किती बॅच निघतील? कॅप्सूल असतील तर मी आधी विचारेन, व्हेसलमध्ये, म्हणजे चाचणीच्या भांड्यात, डोकावणार कोण?

हाताच्या पद्धतीत सहा व्हेसल, प्रत्येकात बहुधा 900 मिली मीडिया (औषध विरघळवणारा द्रव), तापमान 37 अंश, फरक चालतो अर्ध्या अंशाचा. 30 मिनिटांच्या सॅम्पलला वेळेची सूट 2 टक्के, म्हणजे 36 सेकंद. तेवढ्यात सहा सिरिंज भरायच्या, त्याही द्रवाची पातळी आणि तो ढवळणाऱ्या पॅडलची वरची कड यांच्या मधोमध सुई धरून. कॅप्सूल थोड्या थोड्या अंतराने सोडल्या की हे जमतं. औषध हळूहळू सोडणाऱ्या सस्टेन्ड रिलीज कॅप्सूलला मात्र सकाळी सुरू केलेली चाचणी रात्रीपर्यंत चालते आणि दमलेल्या हाताचा फरक आकड्यांत उतरतो.

ऑटोसॅम्पलर ठरल्या वेळी सॅम्पल आपोआप काढतो आणि नेमका हा ताण जातो. मीडिया, कॅप्सूल सोडणं, धुणं माणसाकडेच राहतं. नळ्यांमध्ये आधीच्या सॅम्पलचा अंश उरत नाही ना आणि फिल्टर औषध धरून ठेवत नाही ना, हे हाताच्या सॅम्पलशी ताडून बघावंच लागतं.

पूर्ण स्वयंचलित यंत्र मीडिया गरम करून त्यातली हवा काढतं, कॅप्सूल सोडतं, सॅम्पल घेतं, व्हेसल धुतं आणि पुढच्या बॅचला लागतं. रात्रभर. प्रत्येक पायरीची वेळ ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, येते, हा मोठाच फायदा. (मधेच वीज जाऊ शकते, यूपीएस धरूनच हिशोब करा.)

पण कवचातलं जिलेटिन जुनं होऊन क्रॉसलिंक झालं, म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना जखडले, की कवच फुटत नाही, औषधाभोवती ताणलेल्या पापुद्र्यासारखं राहतं. एखादी कॅप्सूल सिंकरमधून (तिला तळाशी धरणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातून) सुटून तरंगते. निकाल कमी आला तर कारण डोळ्यांनाच सापडतं. क्रॉसलिंकिंग सिद्ध झालं की फार्माकोपियानुसार (औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथानुसार) मीडियात पेप्सिनसारखं एन्झाइम घालता येतं. ते हवा काढून झाल्यावर घालायचं. त्याने फेस होतो, फिल्टर तुंबतात, आणि ठरलेल्या चक्रावर चालणारं यंत्र इथेच जास्त अडतं.

एकच उत्पादन, एकच मीडिया आणि रोज बॅच असतील तर पूर्ण स्वयंचलित घ्या, प्रत्येक व्हेसलवर कॅमेरा असलेलंच. दर आठवड्याला वेगळं उत्पादन येणाऱ्या, इतर कंपन्यांसाठी चाचण्या करणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट लॅबने ऑटोसॅम्पलर घ्यावा. तिथे प्रत्येक पद्धतीचं नव्याने व्हॅलिडेशन करण्यातच (ती यंत्रावर बरोबर चालते हे सिद्ध करण्यातच) मोठ्या यंत्राचा वाचलेला वेळ जाईल. हाताने सॅम्पल घ्यायचा जुना बाथ (व्हेसल ठेवलेलं यंत्र) दोघांनीही विकू नये. संशयास्पद निकालाचा तपास त्यावरच होतो.