रंगाच्या पाण्याला बेंटोनाइट की अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन?

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या डाइंगचं पाणी साफ करायचं म्हटलं की हे दोन ऑप्शन निघतातच. बेंटोनाइट म्हणजे मातीच, त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आपल्या काळ्या रानात असतं त्याच जातीचं, म्हणून तर ती उन्हाळ्यात भेगाळते न पावसात फुगते. तिच्या पापुद्र्यांवर निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळं मिथिलीन ब्ल्यूसारखे पॉझिटिव्ह रंग, शिसं, कॅडमियम पटकन चिकटतं, आणि स्वस्त. पण घोळ असा की कॉटनला जास्त करून चालतात ते रिअ‍ॅक्टिव्ह डाय (धाग्याशी पक्के जोडले जाणारे रंग) स्वतःच निगेटिव्ह, कच्ची माती त्यांना फारसं धरत नाही, आधी तिच्यावर ऑर्गॅनिक अमोनियम सॉल्टची प्रोसेस करावी लागते, मग स्वस्ताई कुठं राहिली? वर फुगून फिल्टर चोक, गाळ काढत बसा.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे प्रोसेस करून बारीक छिद्रं पाडलेला कोळसा. तो महाग, पण ग्रॅमला साधारण 500 ते 1500 चौरस मीटर पृष्ठभाग, बऱ्याच जातीचे रंग धरतो, दाणेदार घेतला तर सरळ कॉलममध्ये भरा, भट्टीत तापवून परत वापरता पण येतो (थोडा घटतो दरवेळी).

टॉवेलवाल्यांनी कार्बनच बघावा, माती जड धातूंच्या पाण्याला ठेवा. आणि डाइंगमधलं मीठ दोन्हीनं जात नाही बरं का, त्याला आरओसारखंच काहीतरी लागतं.